नाखवांनी बिघडवलेलं शटर

गॅरेजचं शटर वीतभर वर गेलं आणि तिथेच अडकलं. जीप आत, माझी सून बाहेर. वैशाली ओटीच्या पायरीवर बसली होती. आठवा महिना चालू होता, आणि तिच्या मॅक्सीखालून रक्त पायरीवर उतरत होतं. गावातल्या बाळंतिणींचं बघणाऱ्या आशाताईने तिला पाठीमागून धरलं होतं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावच्या पेशंटला घेऊन गेली होती, तिकडून मोकळी झाली की आमच्याकडे येणार होती. गावातल्या दोन्ही रिक्षा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर म्हसळ्याला गेलेल्या. माझा मुलगा प्रकाश उरणला, ट्रेलर चालवायला. राहिली नाखवांची जीप, आणि ती त्या शटरच्या आड.

नाखवांनी पुन्हा जोर लावला. शटर हललं नाही. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"भाबी, ही माझी करणी हाय."

"ठाऊक हाय मला," मी म्हणाले. "आता उघडा."

ते शटर नाखवांनीच महिनाभर आधी दुरुस्त केलं होतं. ते का आणि कसं, हे सांगायचं तर आधी नाखवा कोण ते सांगायला पाहिजे.

नाखवा म्हणजे आमचे रस्त्यापलीकडचे शेजारी. आमची सुपारीची वाडी जिथे संपते तिथून त्यांचा मोहल्ला सुरू होतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते दर्यावर. पुढे कुवेतच्या बंदरात लाँच चालवली, आणि गुडघे दुखायला लागले तसे दिघीच्या खाडीवर परत आले. नाखवा म्हणजे होडीचा कप्तान; त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. त्यांची बायको हलीमाबीसुद्धा त्यांना नाखवाच म्हणायची.

त्यांना कुठलीही वस्तू बोटाच्या पेराने ठोकून बघायची खोड होती. होडीची फळी आतून कुजली की आवाज बसका येतो, चांगली असली की खणखणीत येतो. ते होडीपुरतं ठीक आहे. पण नाखवा फणस ठोकत, मटका ठोकत, माझ्या घराची भिंत ठोकत. प्रकाशच्या लग्नात सोयरे दारात उभे, आणि हे मांडवाचे खांब एकेक करून ठोकत फिरत होते. सोयऱ्यांना वाटलं, हा मांडववाला. त्यांनी नाखवांना आणखी खुर्च्या आणायला सांगितल्या. नाखवांनी आणल्या.

"ठोका, ऐका, मग फेका," असं ते म्हणायचे. फेकायची वेळ मात्र त्यांच्यावर सहसा येत नसे. जुने खिळे सरळ करून ठेवत. फुटक्या बादलीला डांबर लावून ती पुन्हा चालू करत. हलीमाबी म्हणायची, "मलापण एक दिवस टिचकी मारून बघतील. आवाज बसका आला तर काय करतील, अल्ला जाणे."

"तुला टिचकी कशाला," नाखवा म्हणायचे. "तुझा आवाज आपोआप मोहल्लाभर येतो."

दर्याच्या रीतीभातींना मात्र ते फार कडक. आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी होड्या दोर लावून वर किनाऱ्यावर ओढतात. ते काम पुरुषांचं. बाईने त्या दोराला हात लावायचा नाही, तो ओलांडायचाही नाही. एकदा मी डोक्यावर सुपारीचं पोतं घेऊन घाईने दोर ओलांडून गेले. नाखवांनी ओढ थांबवली, दोर सगळा सोडवला, समुद्राच्या पाण्यात बुडवून काढला, आणि पुन्हा बांधला. ओढणारे पंचवीस पुरुष माझ्याकडे बघत उभे. मी मनात म्हटलं, पोतं घेतलं असतंत डोक्यावरचं, तर तुम्हालाही जवळचा रस्ता दिसला असता.

गॅरेज आमचं. माझ्या नवऱ्याने त्याच्या टेम्पोसाठी बांधलेलं. आमची सुपारी त्या टेम्पोतून माणगावच्या बाजाराला जायची. नवरा गेला, टेम्पो विकला, गॅरेज रिकामं राहिलं. नाखवांची जीप तेव्हा फणसाखाली उभी असायची आणि पिकला फणस तिच्या टपावर पडायचा. मीच म्हटलं, आत लावा. तेव्हापासून जीप तिथे. ती कायम तोंड रस्त्याकडे करून उभी असे. नाखवा म्हणत, बोट बांधायची ती तोंड दर्याकडे करूनच, निघताना वळवायला वेळ मिळेलच असं नाही. हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखलं, कुणाचे दिवस भरले, की गाव त्या गॅरेजकडे धावायचं. किती पोरं त्या जीपमधून माणगावला जाऊन जन्मली असतील, मोजली नाहीत.

शटर मात्र गेलं होतं. खारा वारा लोखंड खातो, आणि एका मोठ्या वादळात ते मध्ये वाकलंही होतं. खालच्या पट्ट्या गंजून इतक्या झडल्या होत्या की मांजर शटर न उघडता ये-जा करायचं. प्रकाश सुट्टीला आला की म्हणायचा, "आई, बटणाचं बसवूया. बटण दाबलं की वर."

"आणि लाईट गेली की?"

"मग हाताने."

"मग बटण कशाला?"

पण नवीन बसवायचं हे मलाही पटलं होतं. माणगावहून शटरवाला बोलावला. त्याने वर-खाली बघितलं आणि सांगितलं, "पत्रा गेलाय, स्प्रिंग थकलीय. दुरुस्ती टिकायची नाही काकी. नवीन घ्या." नाखवा तिथेच उभे. शटरवाला निघून गेल्यावर त्यांनी पट्टी न पट्टी ठोकली.

"वरच्या साऱ्या खणखणीत हायत. खालच्या चार बदलू. चांगलं शटर फेकायचं?"

"नाखवा, ही बोट नाय. दार हाय."

"दार पण बोटच भाबी. आतलं कोरडं ठेवायचं तिने."

"आणि वर नाय गेली तर?"

"का न्हाय जाणार? लोखंड काय नि लाकूड काय, दर्याला दोन्ही सारखीच. दरसाल डागडुजी केली की टिकतात."

मी म्हटलं, एक पावसाळा बघा, नाही टिकलं तर मी नवीन आणणार. ते कामाला लागले. वाळू आणि काथ्याने गंज घासून काढला. खालच्या पट्ट्या बदलल्या. काम चांगलं केलं, नाही म्हणणार नाही. मग शेवटी त्यांनी होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल आणलं. काळं, उग्र, हाताला लागलं तर कातडी सोलून काढणारं. ते त्यांनी पट्ट्यांना लावलं, आणि पट्ट्या ज्यातून वर-खाली सरकतात त्या बाजूच्या खोबणींतही भरपूर ओतलं. दोन हात दिले. शटर काळंभोर चकाकायला लागलं आणि लोण्यासारखं वर-खाली व्हायला लागलं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. नाखवा रोज विनाकारण एकदा उघडून बंद करायचे.

मग ते मुरूडला लेकीकडे गेले, आगरदांड्याच्या फेरीबोटीने, आठवडाभर. मे महिना. शटर बंद, त्यावर पश्चिमेचं ऊन. ते तेल होडीवर लावतात ते वाळण्यासाठीच. वाळलं की दगडासारखं घट्ट बसतं आणि पाणी आत येऊ देत नाही. पण होडीची फळी सरकायची नसते. शटर सरकायचं असतं. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस एवढंच विसरला.

ते परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही दुपार.

पहारीने पट्टी वाकली, शटर हललं नाही. नाखवांनी घण घातला, खोबणीचा पत्रा चेपला आणि ते आणखी घट्ट झालं. वैशाली पायरीवर बसूनच म्हणाली, "आई, मला थंडी वाजते." मे महिन्याच्या दुपारी. आशाताईने माझ्याकडे बघितलं. ती पोरगी दोन वर्षं हे काम करत होती, पण तिचाही चेहरा पांढरा पडला होता.

नाखवांनी घण खाली टाकला.

"वर जात न्हाय तर बाहेर येईल," ते म्हणाले. "हलीमा, नांगराचा दोर आण. आणि कप्पी."

दोर आला. त्यांनी पालथं पडून वीतभर फटीतून हात घातला आणि शटरच्या खालच्या दांडीला दोन जागी गाठी मारल्या. कप्पी समोरच्या माडाच्या बुंध्याला बांधली. दोर तिच्यातून ओवला. आणि मग त्यांना दिसलं की ओढायला माणूस नाही. होड्या दर्यावर होत्या, बाकीचे पुरुष वऱ्हाडात. रस्त्यावर जमल्या होत्या त्या बायका. समोरच्या खळ्यावर मासळी सुकवणाऱ्या कोळणी, मोहल्ल्यातल्या दोघी-चौघी, मी.

नाखवांनी दोराचं टोक उचललं आणि पारूच्या हातात दिलं. पारू खळ्यावरची सगळ्यांत दांडगी बाई. तिने ते घेतलं नाही.

"नाखवा, दोराला आमी हात लावायचा?"

"लाव गो. बुडाली तर माझी बुडंल."

मग आम्ही धरला. पहिल्यांदा जिला जसं जमेल तसं तिने ओढलं. पारू एकीकडे, हलीमाबी दुसरीकडे, माझा पाय घसरून मी खाली बसले. नाखवा ओरडले, "एकेकटीने ओढू नका. मी हाळी देतो, त्या आवाजाला ओढा." आणि त्यांनी होडी ओढतानाची हाळी द्यायला सुरुवात केली. ती हाळी मी जन्मभर लांबून ऐकत आले होते. दोर हातात असताना ती वेगळी लागते. ती आली की आपला हात आपोआप मागे जातो.

पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसरीला भिंतीचं प्लास्टर पडलं. तिसरीला डावीकडची खोबण बोल्टांसकट भिंतीतून उपटून आली. अख्खं शटर कडकडत बाहेर लोटलं, आणि आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलो. कुणीतरी हसलंही. पारूच असावी.

नाखवांनी शटरकडे बघितलं नाही. जीप चालू केली, पडलेल्या पत्र्यावरून तशीच बाहेर काढली, आणि आम्ही वैशालीला उचलून मागे ठेवलं. माणगावपर्यंत आशाताई वैशालीशी बोलत राहिली, शाळेतल्या गोष्टी, कसल्यातरी, तिला झोप लागू नये म्हणून.

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आईचं रक्त फार गेलंय, मुलगी फार लहान आहे, आज दोघींचंही काही सांगता येणार नाही. मुलीला पुढे मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला नेलं. प्रकाश उरणहून थेट तिकडेच गेला.

नाखवा जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"भाबी, मला शिव्या घाला."

"घालीन," मी म्हणाले. "घाई काय हाय."

काही दिवसांनी मी कपडे न्यायला घरी आले, तर गॅरेज उघडं, जबडा वासल्यासारखं. शटरची घडी करून नाखवांनी ती कुंपणाला लावून ठेवली होती. जीप फणसाखाली. ते आले आणि रस्त्यावरच उभे राहिले. आत आले नाहीत.

"भाबी, नवीन शटर घ्या. बटणाचं घ्या. मी मध्ये बोलणार न्हाय."

ते गेल्यावर हलीमाबी आली. म्हणाली, "काल बाजारातून मटका आणला. ठोकला न्हाय. तसाच भरला. गळका निघाला." आणि पदर तोंडाला लावून बसली. ती मटक्यासाठी रडणारी बाई नव्हती.

तिकडे वैशाली हळूहळू उठून बसायला लागली होती. मुलीचं काही कळत नव्हतं. प्रकाशचा रोज फोन यायचा. "आहे," एवढंच म्हणायचा, आणि ठेवायचा. मी देवाला नवस बोलणारी बाई नाही. बोललेले नवस माझे फळले असते तर माझा नवरा आज ओटीवर बसून विडी ओढत असता. पण त्या संध्याकाळी मी रस्ता ओलांडून नाखवांच्या दारात गेले.

"शटर नको मला," मी म्हणाले. "लाकडी दार करा. दोन झडपांचं, बाहेर उघडणारं."

"मी न्हाय करणार, भाबी. माझ्या हातावर आता भरवसा न्हाय."

"तुमचा नसेल. मी तुम्हाला विचारत नाय, सांगते. आणि असं करा की वैशालीला एका हाताने उघडता आलं पाहिजे. दुसऱ्या हातावर पोर असणार."

पोर अजून काचेच्या पेटीत होतं, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या हातावर घेते ती?"

"डाव्या कडेवर घेईल. सगळ्याच घेतात."

त्यांची एक जुनी होडी खाडीच्या कडेला कित्येक वर्षं पालथी पडली होती. फोडून जळणाला द्या, असं सगळे म्हणायचे, ते ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि तिकडून ठोकल्याचा आवाज आला. ठक, थांबणं, ठक. मी भाकरी तव्यावर टाकली आणि ऐकत उभी राहिले. ती भाकरी करपली.

होडीच्या चांगल्या फळ्या काढून त्यांनी दार केलं. गुळगुळीत, जड दिसणारं, पण बोटाने ढकललं तरी फिरणारं. काजूच्या तेलाचे दोन हात त्यालाही दिले, पण बिजागऱ्यांच्या आसपास थेंब जाऊ दिला नाही. लाकडी खिट्टी उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. दार तयार झाल्यावर त्यांनी एक मोठा भोपळा आणला, हलीमाबीच्या डाव्या कडेवर दिला, आणि म्हणाले, "उघड." तिने उघडलं. "लाव." लावलं. "परत उघड."

"या वयात मला भोपळ्याची आई केलीत," हलीमाबी म्हणाली.

त्यांनी तिला बराच वेळ सोडलं नाही. खिट्टी दोनदा काढून परत बसवली, इकडे बोटभर, तिकडे बोटभर. बघायला जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, हे नवीन म्हणायचं की दुरुस्त केलेलं. नाखवा म्हणाले, "लाकूड जुनं, दार नवं. पुढचं भाबीला विचारा." मी म्हटलं, उघडतंय ना, मग झालं.

वैशाली आधी घरी आली, मुलगी पावसाळ्याच्या तोंडावर. नाखवांनी पोरीला हातात घेतलं नाही. लांबूनच बघितली आणि म्हणाले, "लहान हाय, पण आवाज खणखणीत हाय." मी तेव्हा सांगितलं, तुमच्या शिव्या माझ्याकडे आहेत, अजून द्यायच्या आहेत. ते म्हणाले, ठेवा, कुठे जात न्हायत.

त्या पावसाळ्याच्या आधी होड्या वर ओढायच्या होत्या. निम्मे पुरुष बंदरातल्या कामावर, ओढायला हात कमी. पारू सगळ्यांसमोर दोराजवळ जाऊन उभी राहिली. दोघा-तिघांनी नाखवांकडे बघितलं. नाखवांनी घसा साफ केला आणि हाळी दिली. तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर बायका दोर ओढतात. आता त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

नाखवांची नजर पुढे कमी झाली. जीप त्यांनी पुतण्याला दिली आणि सांगितलं की गावातला पेशंट असेल तर जेवता-जेवता उठायचं. पुतण्या उठतो. गेल्या थंडीत, सकाळचा चहा पिऊन, ओटीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. मी हलीमाबीजवळ जाऊन बसले. मयत उचलायच्या आधी तिने त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपल्या हातात धरली. पेरांवर घट्टे होते. मला वाईट वाटलं. त्याहून जास्त लिहिता येत नाही.

वैशाली आहे. मुलगी आहे, पहिलीत जाते.